हात न लावता पदार्थाचा ताठपणा मोजताना

एखादी वस्तू किती ताठ आहे हे कळायला आपण ती दाबून, ओढून, वाकवून बघतो. प्रयोगशाळेतही वेगळं काही नसतं. तार टांगायची, वजनं चढवायची आणि ती किती लांबली ते मोजायचं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी विषय शोधताना ब्रिल्वाँ विकिरणाबद्दल वाचलं आणि मी तिथेच थांबले. काचेच्या तुकड्यावर नुसता प्रकाश टाकायचा, परत आलेला प्रकाश तपासायचा आणि काच किती ताठ आहे ते सांगायचं. ना वजन, ना चिमटा.

यामागचं कारण समजलं तेव्हा विषय सोडवेना. पदार्थ बाहेरून कितीही निश्चल दिसला तरी त्याचे अणू उष्णतेमुळे सतत थरथरत असतात. शेजारचे अणू एकमेकांना बांधलेले असल्यामुळे ही थरथर एकट्यादुकट्या अणूची राहत नाही. तिच्या लहरी होतात आणि त्या पदार्थातून सगळ्या दिशांनी धावत राहतात. या ध्वनिलहरीच, पण आपल्या कानाच्या आवाक्यापलीकडच्या. लहर जिथे पदार्थ दाटवते तिथे अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती मंदावतो ते सांगणारा आकडा, किंचित वाढतो, जिथे विरळ करते तिथे किंचित घटतो. या दाट-विरळ पट्ट्यांवरून थोडासा प्रकाश परततो. पट्ट्या स्वतः धावत असल्यामुळे परतलेल्या प्रकाशाची वारंवारताही बदलते. लहर प्रकाशाच्या समोरून येत असेल तर वाढते, पाठमोरी जात असेल तर घटते. हा डॉप्लरचाच नियम. बदल किती झाला ते मोजलं की पदार्थातल्या ध्वनीचा वेग मिळतो, आणि वेगाच्या वर्गाला घनतेने गुणलं की ताठपणा.

फ्रान्सच्या लिओं ब्रिल्वाँने हे 1922 साली नुसत्या गणिताने सांगितलं होतं. रशियात मांदेलश्ताम स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचला, त्याचा लेख 1926 चा. प्रत्यक्ष प्रयोगात या बदललेल्या वारंवारतेच्या प्रकाशाच्या रेषा लेनिनग्राडच्या ग्रोसने 1930 मध्ये द्रवांत पाहिल्या. मधल्या काळात, 28 फेब्रुवारी 1928 ला, कलकत्त्यात रामन परिणामाचा शोध लागला होता. तिथे प्रकाश रेणूंच्या आतल्या कंपनांमुळे बदलतो आणि इथे अणूंच्या सामुदायिक लहरींमुळे. म्हणूनच रामनच्या रेषा मूळ रेषेपासून दूर पडतात, ब्रिल्वाँच्या अगदी तिला चिकटून.

हे चिकटून असणं हीच सगळी अडचण. हिरव्या लेसरची वारंवारता सुमारे 564 टेराहर्ट्झ, म्हणजे 5,64,000 गिगाहर्ट्झ. पाण्यातल्या लहरींमुळे तीत होणारा बदल साडेसात गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे पाऊण लाखात एक. नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटरला हा फरक दिसत नाही. त्यासाठी लागणारं यंत्र सोलापुरात आमच्या कॉलेजात असण्याची शक्यताच नव्हती.

सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते यंत्र आपल्याकडे नाही. पण त्याचं तत्त्व शिकायचं सामान मागच्या कपाटात आहे. आधी ते कर, मग तुला तिकडे पाठवायचं बघू." कपाटात होतं ते श्राव्यातीत, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या, ध्वनीने प्रकाशाचं विवर्तन, म्हणजे बारीक पट्ट्यांमधून जाताना प्रकाशाचं वळणं, दाखवणारं सामान: काचेची चौकोनी कुपी, क्वार्ट्झचे स्फटिक आणि ते कंपायला लावणारा ऑसिलेटर. हा प्रयोग 1932 साली अमेरिकेत डिबाय आणि सीअर्स यांनी आणि फ्रान्समध्ये ल्युका आणि बिकार यांनी केला. त्याचं नीट गणित 1935 ते 36 मध्ये बंगळूरला रामन आणि नागेंद्र नाथ यांनी मांडलं. पदव्युत्तर वर्गांना तो असतो. मुलं पाण्यातल्या ध्वनीचा वेग काढतात, सही घेतात आणि पुढच्या प्रयोगाकडे वळतात. एवढ्यावर सोडून देण्यासारखा हा प्रयोग नाही असं मला आता ठामपणे वाटतं.

सरांनी पहिलं काम मात्र पाण्याचं दिलं नाही. "घरून एखादा पातळ कापडाचा तुकडा आण," म्हणाले. आमचं घर पूर्व भागात. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालूच असतो. अप्पा आयुष्यभर मागावर, शेवटची बरीच वर्षं जॉबर म्हणून. सोलापुरी चादर या कामाला उपयोगाची नाही, तिच्यातून लेसर पारच होत नाही. अप्पांनी पातळ मांजरपाटाचा तुकडा काढून दिला.

व्हरांड्याच्या एका टोकाला लाल हेलियम-निऑन लेसर, त्याच्यासमोर ताणून धरलेलं कापड आणि सहा मीटरवर भिंतीला चिकटवलेला आलेखकागद. दिवे घालवले आणि भिंतीवर लाल ठिपक्यांचं अधिकचिन्ह उमटलं. एक रांग ताण्याच्या सुतांमुळे, दुसरी बाण्याच्या. ताण्याच्या रांगेत शेजारच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर 9 मिलिमीटर भरलं. लेसरची तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर, अंतर सहा मीटर. यावरून दोन सुतांमधलं अंतर निघालं 0.42 मिलिमीटर, म्हणजे इंचाला साठ सुतं. संध्याकाळी तुकडा अप्पांपुढे ठेवला. त्यांनी सूत मोजायचं भिंग लावलं, सुईच्या टोकाने सुतं पुढे सरकवत मोजली आणि म्हणाले, "इंची साठ. तुझ्या लेसरनं किती सांगितलं?"

साठच, म्हटल्यावर त्यांनी भिंग बाजूला ठेवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. ठिपके लांब पडले तर कापड दाट की विरळ, हा त्यांचा पहिला प्रश्न. दाट. सुतं जितकी जवळ, ठिपके तितके लांब. हे एकदा मनात बसलं की पुढचा सगळा प्रयोग सोपा होतो.

आता कापडाच्या जागी पाण्याची कुपी. पाण्यात स्फटिक बुडवलेला, त्याला ऑसिलेटरने सेकंदाला वीस लाख कंपनं दिलेली. पाण्यात दाट-विरळ पट्ट्या तयार होतात आणि प्रकाशाच्या दृष्टीने कुपीत पाण्याचंच कापड विणलं जातं. फरक एवढाच की इथली "सुतं" म्हणजे ध्वनीच्या दोन दाट पट्ट्या, आणि त्यांच्यातलं अंतर म्हणजे ध्वनीची तरंगलांबी. 30 अंश सेल्सिअसला पाण्यात ध्वनी सेकंदाला 1509 मीटर धावतो. सेकंदाला वीस लाख कंपनांना, म्हणजे 2 मेगाहर्ट्झला, त्याची तरंगलांबी पाऊण मिलिमीटर येते. मांजरपाटाच्या सुतांशी तुलना करता येईल अशी ही लांबी आहे, हे मला फार आवडलं. भिंतीवर ठिपके 5 मिलिमीटरवर पडायला हवेत.

हवेत म्हणजे सहज पडतात असं नाही. नळाचं पाणी तसंच ओतलं तर स्फटिकाच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे धरतात आणि ध्वनी पाण्यात शिरण्याआधीच विखुरतो. पाण्यात विरघळलेली हवा आधी काढून टाकावी लागते. आमचे प्रयोगशाळेतले मामा आदल्या दिवशी पाणी उकळून, झाकून थंड करून ठेवायचे. "ताजं उकळलेलं वेगळं ठेवलंय, त्यात हात घालू नको," असं सांगून जायचे. कुपीच्या आतल्या भिंतीही अशाच जपाव्या लागतात. बोटाचा तेलकटपणा लागला की तिथेच बुडबुडा धरतो.

त्याहून नाजूक काम लेसर आणि ध्वनीची वाट काटकोनात आणण्याचं. स्फटिकाचं पृष्ठ प्रकाशाच्या वाटेला समांतर हवं, म्हणजे प्रकाश पट्ट्यांच्या मधून सरळ जातो. अर्ध्या अंशाने कललं तरी ठिपके एका बाजूला उजळ आणि दुसऱ्या बाजूला मलूल दिसतात. कुपीखालचे स्क्रू फिरवायचे, भिंतीकडे बघायचं, पुन्हा फिरवायचे. मग ऑसिलेटरची खुंटी. स्फटिकाला त्याची स्वतःची वारंवारता सापडली की पडद्यावरचा एकटा लाल ठिपका दोन्ही बाजूंनी फुटायला लागतो. आधी एकेक फिकट ठिपका, मग आणखी एकेक. खुंटी केसभर पुढे गेली की सगळे गायब. ऊर्जा वाढवली की मधला ठिपका मंद होतो आणि त्याची चमक कडेच्या ठिपक्यांत वाटली जाते. रामन-नाथ सिद्धांताप्रमाणे पुढे धावणाऱ्या लहरीच्या बाबतीत एका ठरावीक तीव्रतेला मधला ठिपका पूर्ण विझतो. प्रकाश कुठेही अडवलेला नसताना सरळ वाटेवर अंधार! आमच्या कुपीत ध्वनी समोरच्या भिंतीवरून परत येऊन स्थिर लहरी होत होत्या, त्यामुळे तेवढं टोक गाठता आलं नाही. मंदावणं मात्र डोळ्यांनी स्पष्ट दिसलं.

एकेका ठिपक्याचं अंतर मोजण्यापेक्षा डावीकडच्या तिसऱ्यापासून उजवीकडच्या तिसऱ्यापर्यंत मोजायचं आणि सहाने भागायचं. तरीही 2 मेगाहर्ट्झला चूक एक टक्क्यापर्यंत राहते. 5 मेगाहर्ट्झचा स्फटिक बसवला की ठिपके साडेबारा मिलिमीटरवर जातात आणि वेग पाच-सहा मीटरच्या फरकाने धरता येतो. मला पुढे जे बघायचं होतं त्याला एवढी अचूकता पुरेशी होती.

मला बघायचं होतं तापमान. बाकीच्या ठिकाणी यासाठी तापमान राखणारी टाकी लागते. सोलापूरने ते काम फुकटात केलं. डिसेंबरच्या सकाळी आमच्या प्रयोगशाळेत पारा 20 च्या आसपास असतो आणि एप्रिलच्या दुपारी पंखे बंद केले की 38 ते 40. पंखे तसेही बंद ठेवावे लागतात, वाऱ्याने पाण्याचा पृष्ठभाग हलतो. अंधारासाठी खिडक्यांना काळं कापड आणि आत चाळीस अंश, अशा खोलीत उभं राहून मोजणी करणं सोपं नव्हतं. पण त्या दुपारी मिळालेले आकडे मला अजून प्रिय आहेत.

पाण्याचा ध्वनिवेग 20 अंशांना 1482 मीटर असतो, 40 अंशांना 1529. आमचे आकडे आपापल्या चुकीच्या मर्यादेत याच रेषेवर बसले. तापलं की वेग वाढतो. हे विचित्र आहे, कारण तापलेला पदार्थ सैल व्हायला हवा. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून एक पोकळ, ऐसपैस रचना करतात. तापमान वाढलं की ती रचना मोडत जाते आणि पाणी दाबायला थोडं अवघड होतं. ही चढण 74 अंशांच्या सुमारास संपते आणि त्यानंतर पाणीही इतर द्रवांसारखं वागायला लागतं.

इतर द्रव कसे वागतात ते बघायला मी घाण्यावरचं करडईचं तेल आणलं. आमच्या जिल्ह्यात ज्वारीच्या जोडीला करडई असतेच, तेव्हा हेच तेल घेणं मला स्वाभाविक वाटलं. तेल गाळून घ्यावं लागलं, नाहीतर लेसरची वाट धुरकट दिसते. तेलात ठिपके थोडे कमी दिसतात, कारण चिकट द्रव ध्वनी लवकर शोषतो. खाद्यतेलांत ध्वनीचा वेग 20 अंशांजवळ 1460 च्या पुढे असतो आणि दर अंशाला तीनेक मीटरने उतरतो. 40 अंशांना तो 1400 च्या आसपास येतो. म्हणजे हिवाळ्यात पाणी आणि तेल जवळजवळ बरोबरीने, आणि उन्हाळ्यात दोघांत शंभराहून जास्त मीटरची तफावत. आलेखकागदावर एक रेषा चढते आणि दुसरी उतरते. हा आलेख मी हाताने काढला आणि तो आजही माझ्या टेबलासमोर आहे.

वेगावरून ताठपणा काढायला घनता लागते. ती घनतेच्या कुपीने वजन करून मिळते. पाण्याची 30 अंशांना घनता घनमीटरला 995.7 किलो. वेगाच्या वर्गाने गुणलं की 2.27 गिगापास्कल. पाणी दाबलं जात नाही असं आपण शाळेत सर्रास म्हणतो. ते दाबलं जातं आणि किती ते इथे कळतं. आकारमानात एक टक्का घट व्हायला हवेच्या दाबाच्या दोनशेहून जास्त पट दाब लागेल. हे आम्ही पाण्याला न दाबता, भिंतीवरची अंतरं मोजून सांगितलं.

इथपर्यंत आल्यावर ब्रिल्वाँ विकिरण मला खऱ्या अर्थाने कळलं. आमच्या कुपीत ध्वनीची वारंवारता आम्ही ठरवली होती. प्रकाश कुठे वळला त्यावरून तरंगलांबी काढली, दोन्हींचा गुणाकार म्हणजे वेग. ब्रिल्वाँच्या पद्धतीत नेमकं उलट असतं. ध्वनी बाहेरून द्यायचाच नाही, पदार्थात तो उष्णतेमुळे आहेच, सगळ्या तरंगलांब्यांचा आणि सगळ्या दिशांचा. आपण प्रकाश कुठल्या कोनातून परत घ्यायचा ते ठरवलं की त्यातली एकच तरंगलांबी आपोआप निवडली जाते. सरळ मागे परतणाऱ्या प्रकाशासाठी ती प्रकाशाच्या पदार्थातल्या तरंगलांबीच्या बरोबर निम्मी. मग वारंवारता मोजायची. वेग पुन्हा त्याच गुणाकारातून. खरं तर आमच्या कुपीतून बाजूला पडणाऱ्या ठिपक्यांचीही वारंवारता बदलत असते. पुढे धावणाऱ्या लहरीत पहिल्या ठिपक्याची 2 मेगाहर्ट्झने, दुसऱ्याची 4 ने. तो बदल इतका बारीक की आमच्या साधनांना दिसणं शक्य नव्हतं. पण तो तिथे, आमच्या भिंतीवर होता.

परीक्षेनंतर सरांनी शब्द पाळला. दुसऱ्या राज्यातल्या एका संशोधन संस्थेने आमचे नमुने मोजून द्यायचं मान्य केलं आणि मला सोबत यायची परवानगी दिली. मी रात्रीच्या गाडीने गेले. पिशवीत तेलाची बाटली, ॲक्रिलिकचा चकचकीत तुकडा आणि औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन.

तिथलं यंत्र म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या अत्यंत सपाट आरशांच्या जोड्या. मूळ कल्पना फाब्री आणि पेरो या फ्रान्समधल्या मार्सेच्या दोघांची, 1899 ची. दोन आरशांमधून प्रकाश मागेपुढे आपटत राहतो आणि त्यांच्यातल्या अंतराला जुळणारी वारंवारता तेवढी पार जाते. अंतर सूक्ष्म प्रमाणात बदलत नेलं की एकेक वारंवारता चाळून बघता येते. पण ब्रिल्वाँच्या रेषा अतिशय मंद असतात आणि शेजारी मूळ लेसरचा प्रचंड झगमगाट. त्यात त्या बुडून जातात. ही अडचण झुरिचमध्ये काम करणाऱ्या जॉन सँडरकॉकने 1970 च्या दशकात सोडवली. त्याने प्रकाश एकाच आरसेजोडीतून पुन्हा पुन्हा फिरवला आणि पुढे दोन जोड्या एकमेकींना बांधल्या. अशी यंत्रं आज जगभर वापरात आहेत. लेसर नसलेल्या काळात, 1947 साली, बंगळूरला आर. एस. कृष्णन यांनी पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील रेषेवर हिऱ्यातलं ब्रिल्वाँ विकिरण टिपलं होतं. फोटोच्या काचेवर या रेषा उमटायची वाट बघत बसणारी माणसं माझ्या डोळ्यांसमोर येत राहिली.

खोली अंधारी, टेबल हवेवर तरंगतं ठेवलेलं, म्हणजे जमिनीचा हादरा आरशांना पोचत नाही. कुणी दार लावलं तरी पडद्यावरची रेषा हलायची, म्हणून मोजणी चालू असताना आम्ही चप्पल काढून, न बोलता बसायचो. आरशांमधलं अंतर 3 मिलिमीटर ठेवलं होतं. त्यात 50 गिगाहर्ट्झचा पल्ला सुटा दिसतो. पहिला नमुना त्यांचा स्वतःचा, शुद्ध सिलिकेची काच. यंत्र नीट लागलंय की नाही ते तिच्यावर तपासतात.

पडद्यावर आधी काहीच नसतं. मध्ये लेसरची उंच रेषा आणि दोन्ही बाजूंना तुरळक ठिपके. एकेक प्रकाशकण मोजला जातो, दर फेरीला थोडे थोडे जमा होतात. मग डावीकडे एका जागी गर्दी वाढल्यासारखी वाटते. उजवीकडे, बरोबर तेवढ्याच अंतरावर, तशीच. चहा पिऊन आलो तोवर दोन टोकदार शिखरं उभी होती, मधल्या रेषेपासून 32.7 गिगाहर्ट्झवर. काचेचा अपवर्तनांक 1.46, प्रकाशाची तरंगलांबी 532 नॅनोमीटर, तेव्हा ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 5960 मीटर. घनता 2200. ताठपणा 78 गिगापास्कल. आमच्या पाण्याच्या चौतीस पटींहून जास्त. त्या काचेच्या तुकड्याला कुणी ठोकलं नव्हतं, कुठला स्फटिक चिकटवला नव्हता. नुसत्या खोलीच्या उबेवर तिच्यात हा ध्वनी चालू होता आणि कायम चालू असतो. हे मला आधीपासून माहीत होतं. तरी ती दोन शिखरं बघताना मी बराच वेळ गप्प होते.

ॲक्रिलिकची शिखरं साडेपंधरा गिगाहर्ट्झच्या जवळ आली. मग पाणी. साडेसातला थोडं अलीकडे, वेग 1495 च्या आसपास. त्या वातानुकूलित खोलीच्या तापमानाला आमच्या आलेखावरची रेषा हाच आकडा सांगत होती. दोन्हींच्या वारंवारतांमध्ये हजारो पटींचा फरक, साधनं पूर्ण वेगळी आणि पाण्याचं उत्तर एकच. सरांना मी तिथूनच फोन केला.

मला मात्र सगळ्यात जास्त शिकवलं ग्लिसरीनने. साध्या श्राव्यातीत मोजणीत, मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, खोलीच्या तापमानाला ग्लिसरीनमधला वेग 1900 मीटरच्या आसपास मिळतो. गिगाहर्ट्झला तो त्याहून कितीतरी जास्त निघाला. आणि शिखरं काचेसारखी टोकदार नव्हती, पसरट होती. पाण्याने एकच उत्तर दिलं आणि ग्लिसरीनने दोन, हे कसं?

तिथल्या मॅडमनी कागद पुढे ओढला आणि समजावलं. द्रव दाबला की त्याचे रेणू जागा बदलून तो दाब मोकळा करतात. पाण्याच्या रेणूंना याला लागणारा वेळ अतिशय थोडा, म्हणून मेगाहर्ट्झ असो की गिगाहर्ट्झ, पाणी दोन्हीकडे तसंच वागतं. ग्लिसरीनचे रेणू एकमेकांत जास्त गुंतलेले. सेकंदाला वीस लाख वेळा दाबलं तर त्यांना सरकायला सवड मिळते. सेकंदाला कित्येक अब्ज वेळा दाबलं तर सवडच मिळत नाही आणि ग्लिसरीन काही अंशी घन पदार्थासारखं ताठ वागतं. शिखर किती पसरलं आहे त्यावरून लहर किती लवकर विरते ते कळतं, आणि ती का विरते याचंही उत्तर याच सरकण्यात असतं. म्हणजे रेषेची जागा ताठपणा सांगते आणि रेषेची जाडी आतलं घर्षण. पदार्थ ताठ आहे का, हा प्रश्नच अपुरा आहे. किती घाईने विचारता, हे सोबत सांगावं लागतं.

तेलाचंही तसंच, पण कमी प्रमाणात. तिथे आकडे घाईत घेतले गेले, म्हणून इथे देत नाही.

घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, "मग सुताचा ताठपणा निघंल का असा?" प्रश्न योग्य होता आणि उत्तर मी विचारूनच आले होते. कापसाचं सूत प्रकाशाला दुधासारखं पांढरं दिसतं. आत शिरलेला प्रकाश तंतूंवर इतक्या वेळा आपटतो की कोन ठरवता येत नाही, आणि बदल न झालेला प्रकाशच इतका परततो की बारीक रेषा त्यात लपतात. एकेरी, पारदर्शक धागा असेल तर जमतं. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यावर अमेरिकेतल्या संशोधकांनी हे केलं आणि 2013 मध्ये प्रसिद्ध केलं. धाग्याला न तोडता, न ताणता, लांबीच्या आणि आडव्या अशा सगळ्या दिशांचे स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठपणाचे आकडे, त्यांनी काढले. ओढून मोजणाऱ्या यंत्रावर धाग्याचा आडवा ताठपणा मोजणं जवळजवळ अशक्य असतं. अप्पांनी एवढंच विचारलं की कोळ्याचा धागा दमट हवेत आखडतो का. आखडतो, आणि दमटपणाने ताठपणा कसा बदलतो हेही त्या कामात तपासलं होतं. मागावरच्या माणसाला हवेतला दमटपणा पहिल्यांदा सुचतो.

या पद्धतीत तपासली जाणारी लहर पाण्यात जेमतेम 200 नॅनोमीटर लांब असते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्या-ठिपक्याने ताठपणाचा नकाशा काढता येतो. डोळ्याच्या पारपटलावर, म्हणजे पुढच्या पारदर्शक पडद्यावर, असं काम चालू आहे. केराटोकोनस या विकारात पारपटल एखाद्या भागात मऊ पडून पुढे येतं, आणि ते मऊपण डोळ्याला स्पर्श न करता दिसलं तर उपयोगाचं आहे. काचेच्या प्रकाशतंतूतही हेच विकिरण होतं. 1550 नॅनोमीटरच्या प्रकाशाला बदल 11 गिगाहर्ट्झच्या जवळ असतो आणि दर अंश सेल्सिअसला सुमारे एक मेगाहर्ट्झने सरकतो. ताण पडला तरी सरकतो. त्यामुळे पूल किंवा पाइपलाइनच्या बाजूने एक तंतू टाकला की त्याच्या प्रत्येक टप्प्यावरचा ताण आणि तापमान एका टोकाला बसून वाचता येतं.

कुणाला आपल्या कॉलेजात पहिला भाग करायचा असेल तर एवढं सांगते. व्हरांडा जितका लांब मिळेल तितका घ्या, खोलीतल्या दोन मीटरवर समाधान मानू नका. पाणी उकळून गार केलेलंच वापरा. लेसर कंबरेच्या उंचीला ठेवा, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या रेषेत येऊ देऊ नका. कुपीत थर्मामीटर मोजणीच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा वाचा, कारण स्फटिक चालू असताना पाणी स्वतःच तापतं. आणि एकाच द्रवावर थांबू नका. पाण्याशेजारी तेल ठेवल्याशिवाय पाण्याचं वेगळेपण दिसत नाही.

आता मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि सुट्टीत सरांच्या प्रयोगशाळेत जाते. सध्या कुपीत एरंडेल आहे. ते करडईच्या तेलापेक्षा खूपच घट्ट, आणि हिवाळ्यातून उन्हाळ्यात जाताना त्याचा चिकटपणा अनेक पटींनी उतरतो. मेगाहर्ट्झच्या बाजूचे थंडीतले आकडे घेऊन झालेत, एप्रिलचे घ्यायचे आहेत. तेच तेल, त्याच बाटलीतलं, गिगाहर्ट्झला मोजून मिळावं म्हणून त्या संस्थेला पत्र गेलं आहे.